डुमकीचं कमळ जमिनीवर

एक होतं न्हाणीघर. न्हाणीघरात एक भिंत. भिंतीवर मधूनमधून पांढऱ्या पांढऱ्या टाइल. आणि अगदी खाली, बादलीच्या मागं, एक वेगळी टाइल. तिच्यावर गुलाबी कमळ.

त्या कमळाशी राहायची डुमकी.

डुमकी म्हणजे बेडकुली. केवढी? बोराएवढी. डोळे मिरीएवढे. आणि राग? राग भोपळ्याएवढा!

डुमकीनं तळं कधी पाहिलंच नव्हतं. बादली हेच तिचं तळं. टाइल हेच तिचं कमळ. रोज सकाळी ती कमळाला पाठ टेकायची. गार गार वाटायचं. मग ती डोळे मिटायची. कुणी नळ सोडा, कुणी तांब्या आपटा, डुमकी काही हलायची नाही.

एके दिवशी काय झालं?

भिंत कुरकुरली. कुर्र कुर्र.

टाइल हलली. डुग डुग.

आणि... धप्प!

टाइल पडली. नशीब, पायपुसण्यावर पडली. फुटली नाही. पण कमळ गेलं जमिनीवर. आणि डुमकीच्या डोक्यावर पडला भिंतीचा भुगा. भस भस भस!

डुमकी आधी पांढरी झाली. भुग्यानं. मग लाल झाली. रागानं! तिनं गाल फुगवले.

"डराव! माझं कमळ कुणी पाडलं?"

कुणी बोललंच नाही. आता तुम्हीच सांगा. बसल्या जागी एखादीच्या डोक्यावर भुगा टाकायचा, तिचं कमळ पाडायचं, आणि वर गप्प बसायचं. याला काय म्हणावं?

धप्प आवाज घरातल्या शालनकाकूंनी ऐकला. त्यांनी गवंडी बोलावले. नळवाले बोलावले. सिमेंट आलं. वाळू आली. हत्यारं आली. सगळी सगळी आली.

आणि सगळी नुसती बसून राहिली!

डुमकीनं थोडी वाट पाहिली. मग तिला राहवेना. ती निघाली.

टुण टुण टुणुक. टुण टुण टुणुक.

पायपुसण्यावर टाइल पडली होती. पाठ खाली, कमळ वर.

"टाइलताई, टाइलताई, भिंतीवर चढ ना गं!"

"मी नाही चढत जा!"

"का नाही?"

"चढू आणि पुन्हा पडू? माझी पाठ अजून ठणकते आहे. भिंत मला धरेल, तर मी चढेन."

"ही कुठली रीत?" डुमकी म्हणाली. "डराव!"

आणि निघाली भिंतीकडे. टुण टुण टुणुक. टुण टुण टुणुक.

भिंत उभी होती. ओली ओली. अंगावर पोपडेच पोपडे.

"भिंतीबाई, भिंतीबाई,
टाइल भिंतीवर चढेना.
माझं कमळ जमिनीवर!
तू टाइलला धर ना गं!"

"मी नाही धरत जा!"

"का नाही?"

"कशानं धरू? माझं अंग बघ. बोट लावलं की भुगा. मागच्या खेपेला काकूंनी काय केलं ठाऊक आहे? माझ्या ओल्या अंगावर पांढऱ्या सिमेंटचा हात फिरवला. वर टाइल दाबली. झालं काम! अशी टाइल राहते होय?" भिंत रागानं थरथरली. आणखी थोडा भुगा पडला. "मला नवा गिलावा हवा. गिलावा म्हणजे माझा सदरा. तो मला चिकटेल, तर मी टाइलला धरेन."

"ही कुठली रीत?" डुमकी म्हणाली. "डराव!"

आणि निघाली गिलाव्याकडे. टुण टुण टुणुक. टुण टुण टुणुक.

दाराशी एक घमेलं होतं. घमेल्यात वाळू होती, सिमेंट होतं. पाणी अजून पडायचं होतं. तोच गिलावा. कोरडा, ठसकेबाज. खस्स खस्स.

"गिलावेदादा, गिलावेदादा,
भिंत टाइलला धरेना.
टाइल भिंतीवर चढेना.
माझं कमळ जमिनीवर!
तू भिंतीला चिकट ना रे!"

"मी नाही चिकटत जा!"

"का नाही?"

"पोपड्यांवर चिकटू? पोपडे पडले की मीही पडणार. भस्स! गुळगुळीत भिंतीवर चिकटू? घसरणार. सर्र! आधी पोपडे निघू देत. मग भिंतीला टाचे पडू देत."

"टाचे म्हणजे रे काय?"

"बारीक बारीक खड्डे गं! त्यांत मी माझी बोटं रोवतो. मग मला कुणी हलवून दाखवावं! छिन्नी भिंतीला टोचेल, तर मी चिकटेन. खस्स खस्स."

"ही कुठली रीत?" डुमकी म्हणाली. "डराव!"

आणि निघाली छिन्नीकडे. टुण टुण टुणुक. टुण टुण टुणुक.

हत्यारांच्या पिशवीतून छिन्नी नाक वर करून बघत होती. नाक चांगलंच टोकदार.

"छिन्नीमावशी, छिन्नीमावशी,
गिलावा भिंतीला चिकटेना.
भिंत टाइलला धरेना.
टाइल भिंतीवर चढेना.
माझं कमळ जमिनीवर!
तू भिंतीला टोच ना गं!"

"मी नाही टोचत जा!"

"का नाही?"

"नुसती टेकले तर भिंतीला गुदगुल्या होतात. माझ्या डोक्यात ठोका बसायला हवा. हातोडा मला ठोकेल, तर मी टोचेन."

घ्या! डोक्यात ठोका मागणारी ही पहिलीच!

"ही कुठली रीत?" डुमकी म्हणाली. "डराव!"

आणि निघाली हातोड्याकडे. फार लांब नाही, पिशवीच्या पलीकडच्या कोपऱ्यात. टुण टुण टुणुक.

हातोडा झोपला होता. घुर्र घुर्र. डुमकी त्याच्या डोक्यावर चढली. डुमकीनं डोक्यावर उडी मारली. हातोडा उठेना. आणखी एक उडी मारली. तेव्हा कुठं त्यानं एक डोळा उघडला.

"हातोडेराव, हातोडेराव,
छिन्नी भिंतीला टोचेना.
गिलावा भिंतीला चिकटेना.
भिंत टाइलला धरेना.
टाइल भिंतीवर चढेना.
माझं कमळ जमिनीवर!
तुम्ही छिन्नीला ठोका ना!"

"मी नाही ठोकत जा!"

"का नाही?"

"मला हात आहेत का? पाय आहेत का? नुसतं डोकं आणि दांडा. म्हादूमामा मला उचलतील, तर मी ठोकेन." आणि पुन्हा झोपला. घुर्र घुर्र.

"एवढं मोठं डोकं, आणि झोपायला वापरतात!" डुमकी म्हणाली. "ही कुठली रीत? डराव!"

आणि निघाली म्हादूमामांकडे. टुण टुण टुणुक. टुण टुण टुणुक.

म्हादूमामा म्हणजे गवंडी. भिंती बांधणारे, भिंती सांधणारे. ते उंबऱ्यावर बसले होते. बशीत चहा ओतून पीत होते. फुर्र फुर्र.

"म्हादूमामा, म्हादूमामा,
हातोडा छिन्नीला ठोकेना.
छिन्नी भिंतीला टोचेना.
गिलावा भिंतीला चिकटेना.
भिंत टाइलला धरेना.
टाइल भिंतीवर चढेना.
माझं कमळ जमिनीवर!
तुम्ही हातोडा उचला ना!"

"म्या न्हाई उचलत जा!"

"का नाही?"

"आगं, भित्तीत पाणी मुरतंय. आतला पाइप गळतोय. वल्या भित्तीवर आज गिलावा केला, की उद्या फुगला म्हणून समज. परवा पडला. मग लोक कुणाला बोलणार? म्हादूला! बशीरचाचा पाइप जोडतील, तर म्या उचलीन." मामा हसले. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, बाई. फुर्र फुर्र."

नकटी कोण? लग्न कुणाचं? डुमकीला काही कळलं नाही. पण मामा हसले, एवढं कळलं. तिचं कमळ जमिनीवर आणि हे हसतात! तिचे गाल बोराचे लिंबाएवढे झाले.

"ही कुठली रीत?" डुमकी म्हणाली. "डराव!"

आणि निघाली बशीरचाचांकडे. टुण टुण टुणुक. टुण टुण टुणुक.

बशीरचाचा म्हणजे नळवाले. ते अंगणात बसले होते. मोठा पाना, छोटा पाना, सगळे पाने पुसत होते. पुसून पुसून चकाचक केले होते. किती वेळ पुसायचे ते!

"बशीरचाचा, बशीरचाचा,
मामा हातोडा उचलेनात.
हातोडा छिन्नीला ठोकेना.
छिन्नी भिंतीला टोचेना.
गिलावा भिंतीला चिकटेना.
भिंत टाइलला धरेना.
टाइल भिंतीवर चढेना.
माझं कमळ जमिनीवर!
तुम्ही पाइप जोडा ना!"

"मी नाही जोडत जा!"

"का नाही?"

"अगं बेटी, पाइपात पाणी आहे ना! उघडला की फुस्स! मी भिजणार, तू भिजणार, अख्खं घर भिजणार. काकू पाणी थांबवतील, तर मी जोडेन. मी तर सकाळपासून तयार बसलोय."

"मला भिजायला आवडतं," डुमकी म्हणाली.

"मला नाही आवडत," चाचा म्हणाले.

"ही कुठली रीत?" डुमकी म्हणाली. "डराव!"

आणि निघाली शालनकाकूंकडे. उंबरा चढली, उंबरा उतरली. टुण टुण टुणुक. टुण टुण टुणुक.

काकू स्वयंपाकघरात भेंडी चिरत होत्या. खच खच खच. डुमकी पाटाच्या कडेला बसली. डुमकीला धाप लागली होती. तरी तिनं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

"शालनकाकू, शालनकाकू,
चाचा पाइप जोडेनात.
मामा हातोडा उचलेनात.
हातोडा छिन्नीला ठोकेना.
छिन्नी भिंतीला टोचेना.
गिलावा भिंतीला चिकटेना.
भिंत टाइलला धरेना.
टाइल भिंतीवर चढेना.
माझं कमळ जमिनीवर!
तुम्ही पाणी थांबवा ना!"

"मी नाही थांबवत जा!"

"का नाही?"

"पाणी थांबवू आणि आंघोळीचं काय करू? आमच्या घरात कुणी पारोसं राहत नाही. आजोबांची आंघोळ झाली. काकांची झाली. माझी झाली. राहिली कोण? आमची छबी! कधीची तिच्या मागं लागले आहे. तिची आंघोळ राहिली आणि मी पाणी बंद केलं, तर दिवसभर ही पारोशी हिंडणार! छबी आंघोळ करेल, तर मी पाणी थांबवेन. लगेच थांबवेन."

खच खच खच.

म्हणजे बघा. मामा उंबऱ्यावर, चाचा अंगणात, सिमेंट घमेल्यात, कमळ जमिनीवर, आणि सगळं अडलं कशावर? एका आंघोळीवर!

"ही कुठली रीत?" डुमकी म्हणाली. "डराव! डराव!"

आणि निघाली छबीकडे. आता तिचे पाय दुखत होते. टुण... टुण... टुणुक. टुण... टुण... टुणुक.

छबी कुठं होती? न्हाणीघराच्या दारामागं. छबी केवढी? तुमच्याएवढी. गालाला गूळ. केसांत माती. हातावर काय होतं, ते काही कळत नव्हतं. न्हाणीघरात तिचा लाल टब भरून ठेवला होता. काकूंनी ऊन पाणी ओतलं होतं. वाट बघून बघून ते गार झालं होतं.

"छबीबाई, छबीबाई,
काकू पाणी थांबवेनात.
चाचा पाइप जोडेनात.
मामा हातोडा उचलेनात.
हातोडा छिन्नीला ठोकेना.
छिन्नी भिंतीला टोचेना.
गिलावा भिंतीला चिकटेना.
भिंत टाइलला धरेना.
टाइल भिंतीवर चढेना.
माझं कमळ जमिनीवर!
तू आंघोळ कर ना गं!"

"मी नाही करत जा!"

"का नाही?" डुमकीनं विचारलं. अगदी हळू विचारलं. आता तिच्यात डराव म्हणायचंही बळ नव्हतं.

छबीनं नाक पुसलं. छबी म्हणाली, "माझं कमळ पडलं! मी रोज कमळावर पाणी उडवते. कमळ नाही, तर आंघोळ नाही. कमळवाली टाइल भिंतीवर चढेल, तर मी आंघोळ करेन!"

डुमकी बघतच राहिली.

कमळवाली टाइल?

टाइल म्हणते भिंत. भिंत म्हणते गिलावा. गिलावा म्हणतो छिन्नी. छिन्नी म्हणते हातोडा. हातोडा म्हणतो मामा. मामा म्हणतात चाचा. चाचा म्हणतात काकू. काकू म्हणतात छबी. आणि छबी म्हणते... टाइल!

एवढ्या उड्या मारल्या. एवढे उंबरे चढले. आणि आले कुठं? निघाले तिथंच!

आणि 'माझं कमळ' म्हणे! कमळ कुणाचं? छबीचं? त्याला पाठ टेकून झोपतं कोण? छबी? त्याच्यापायी डोक्यावर भुगा झेलला कोणी? छबीनं?

डुमकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाल फुगले. लिंबाएवढे फुगले. पेरूएवढे फुगले. डोळे गरगरले. अंग तापलं. असं तापलं, असं तापलं, की तिला काही सुचेना. समोर दिसला लाल टब. टबात गार पाणी.

डुमकीनं मागं पाहिलं नाही. पुढं पाहिलं नाही. उडी मारली.

डुबुक!

"ए!" छबी ओरडली. "तो माझा टब आहे!"

"डराव!" डुमकी म्हणाली. पाण्यात गेल्यावर तिला पुन्हा बळ आलं.

"माझं पाणी आहे ते!"

"डराव! डराव!"

"माझ्या पाण्यात बेडकीनं आंघोळ करायची? माझ्या आधी? ही कुठली रीत?" छबी लालबुंद झाली. धावत आली. तिनं झबलं काढलं, तिकडं भिरकावलं.

आणि मारली उडी टबात.

डुब्बुक!

पाणी उडालं भिंतीवर. पाणी उडालं दारावर. डुमकी उडाली टबाच्या काठावर.

"आई गं, गार!" छबी किंचाळली.

काकू भेंडी टाकून पळत आल्या. बघतात तर काय, छबी टबात! त्यांनी आधी तांब्याभर ऊन पाणी ओतलं. मग साबण लावला. गालाचा गूळ गेला. केसांतली माती गेली. हातावर काय होतं, तेही गेलं. छबी खदखदा हसली.

आणि मग काय झालं माहीत आहे?

छबीनं आंघोळ केली. डुबुक डुबुक.

काकूंनी पाणी थांबवलं. कर्र कर्र.

चाचांनी पाइप जोडला. किर्र किर्र. भिंतीतलं टप टप थांबलं. एकदम थांबलं.

मामा उठले. डुमकी म्हणाली, "मामा, मामा, आता उचला ना हातोडा!"

मामांनी भिंतीला तळहात लावला. "थांब की. भित वाळू दे."

म्हणजे आणखी वाट! डुमकी रोज विचारायची, "वाळली का?" मामा रोज तळहात लावायचे. "न्हाई अजून." रोज विचारायची, "वाळली का?" "न्हाई अजून." तोवर घरातल्यांच्या आंघोळी अंगणात. टाइल कोपऱ्यात. डुमकी टाइलजवळ. गाल फुगलेले ते फुगलेलेच.

आणि एके दिवशी मामांनी तळहात लावला. "वाळली!"

मामांनी हातोडा उचलला. हुप्प!

हातोड्यानं छिन्नीला ठोकलं. ठक ठक ठक.

छिन्नीनं भिंतीला टोचलं. टच टच टच. पोपडे गेले, भुगा गेला. भिंतीला बारीक बारीक टाचे पडले. मामांनी केरसुणीनं भिंत झाडली. फर्र फर्र. वर पाणी शिंपडलं.

घमेल्यातही पाणी पडलं. गिलावा कालवला. आता तो ठसकत नव्हता. मऊ मऊ झाला होता.

गिलावा भिंतीला चिकटला. थप थप थप. टाच्यांत त्यानं बोटं रोवली. घट्ट! मामांनी फळीनं त्याला सारखा केला. मग त्यालाही पाणी पाजलं. आज पाजलं, उद्या पाजलं. पुन्हा वाट. पुन्हा "भिंत झाली का?" पुन्हा "न्हाई अजून."

मग भिंत कडक झाली. डुमकीनं तिच्यावर उडी मारली. भुगा पडला? मुळीच नाही!

"आता धरते मी टाइलला," भिंत म्हणाली. "बघच तू."

मामांनी टाइलची पाठ खरवडली. टाइल बादलीत भिजवली. बुड बुड बुड. पाठीला सिमेंट लावलं. भिंतीवर टेकवली. मुठीनं हळूच ठोकली. टुक टुक.

टाइल भिंतीवर चढली!

डुमकीनं डोळे मिटले. टुण टुण टुणुक उडी मारली. कमळाला पाठ टेकली.

पण गार लागलं नाही. गुळगुळीत लागलं नाही. खरखरीत लागलं!

तिनं डोळे उघडले. मागं पाहिलं. कमळ नव्हतंच. फक्त गिलावा होता. वर पाहिलं. आणखी वर पाहिलं. आणखी आणखी वर पाहिलं.

कमळ होतं थेट आरशाशेजारी!

"शोभेची टाइल हाय," मामा खूश होऊन म्हणाले. "वर कशी झकास दिसती. येणारा जाणारा बघंल."

"छान दिसते हो," काकू म्हणाल्या.

छान दिसते? कुणाला दिसते? डुमकीनं उडी मारली. पोचली नाही. आणखी उंच मारली. पोचली नाही. बादलीवरून मारली. तरी पोचली नाही. एवढं सगळं कुणी केलं? कुणासाठी केलं? आणि कमळ कुणाला? येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला!

"डराव!" डुमकी ओरडली. सगळा राग एकवटून ओरडली. "डराव! डराव! डराव!"

छबी दारात आली. तिनं वर पाहिलं. टाचा उंचावल्या. उडी मारली. पोचली नाही. हात लांब केला आणि पाणी उडवलं. तेही पोचलं नाही.

"मामा!" छबीनं कमरेवर हात ठेवले. "खाली लावा!"

"आगं पण वर..."

"खाली! तिथं डुमकी झोपते. मोठ्यांना काय करायचं आहे कमळ? मोठे झोपतात का कमळाला टेकून?"

मामांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी मामांकडं पाहिलं. बशीरचाचा चहा प्यायला आले होते, त्यांनी बशी खाली ठेवली.

"मामा, लवकर करा," चाचा म्हणाले. "सिमेंट ओलं आहे तोवर!"

मामांनी कान पकडला. स्वतःचाच! टाइलच्या कडेला थापी घातली. चप्प! कमळ हातात आलं. मामा खाली बसले. मांडी घातली.

"हितं?"

"खाली," छबी म्हणाली.

"हितं?"

"आणखी खाली."

"हितं?"

"डराव!" डुमकी म्हणाली.

मामांनी टाइल टेकवली. मुठीनं ठोकली. टुक टुक. कमळ राहिलं भिंतीवर, अगदी खाली, बोराएवढ्या बेडकुलीच्या पाठीएवढ्या उंचीवर.

"आता दोन दिस हिला हात न्हाई लावायचा," मामा म्हणाले.

डुमकीनं हात नाही लावला. ती गेली. टुण टुण टुणुक. वळली. आणि पाठ लावली.

गार गार!

तिचे फुगलेले गाल बसले. पेरूचे लिंबाएवढे झाले, लिंबाचे बोराएवढे झाले. तिनं डोळे मिटले. आणि मग कुणी नळ सोडला, कुणी तांब्या आपटला, छबीनं तर ओंजळ भरभरून कमळावर पाणी उडवलं.

डुमकी काही हलली नाही.

भिंत धरते, टाइल चढते,
डुमकी आपली गाढ झोपते.
आमची गोष्ट न्हाऊन आली,
सांगा, कुणाची आंघोळ राहिली?